आरोग्य-प्रश्नोत्तरे : कटरची धूळ, सिमेंटचे हात आणि गच्चीवरचे जुने पत्रे

गेल्या अंकात परांचीवरून पडून होणाऱ्या दुखापतींविषयी लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी पडण्याविषयी नव्हतीच. ती खोकल्याविषयी, हातांच्या भेगांविषयी आणि कानांत वाजणाऱ्या शिट्टीविषयी होती. माणूस परांचीवरून पडला की साइटवर धावपळ होते, पोलीस येतात, पंचनामा होतो. धुळीने छाती निकामी झालेला फरशीवाला मात्र कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही, कारण त्याला दम लागू लागेपर्यंत ती इमारत पूर्ण होऊन तिथे लोक राहायला आलेले असतात आणि ठेकेदारही बदललेला असतो. म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : माझे यजमान चौदा वर्षांपासून फरशी आणि ग्रॅनाइट बसवण्याचे काम करतात. वय ३९ आहे. दीड वर्षापासून कोरडा खोकला आहे आणि दोन जिने चढले की त्यांना थांबावे लागते. एका दवाखान्यात टीबी सांगितला, सहा महिन्यांची औषधे पूर्ण केली, पण दम तसाच राहिला. आता दुसरे डॉक्टर एक्स-रे पाहून पुन्हा टीबीचीच औषधे सुरू करू म्हणतात. त्यांना बिडी-तंबाखूचे व्यसन नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य पहिले आहे, आणि माझी शंका अशी, की नेमके तेच वाक्य दोन्ही दवाखान्यांत कोणी विचारले नसावे. ‘काम काय करता?’ या प्रश्नाला ‘मजुरी’ असे उत्तर केसपेपरवर लिहिले जाते आणि विषय तिथेच संपतो. चौदा वर्षे ग्रॅनाइट आणि फरशी कापणाऱ्या माणसाला कोरडा खोकला आणि दम असेल, तर सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, विचार प्रथम व्हायला हवा.

वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट, विटा आणि टाइल्स या सगळ्यांत सिलिका हे खनिज असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, संगमरवरात फारच कमी, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हल्ली जो कारखान्यात तयार केलेला क्वार्ट्झचा कृत्रिम दगड वापरतात, त्यात ९० टक्क्यांपेक्षाही अधिक असू शकते. या कृत्रिम दगडामुळे तरुण कारागीर आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. दगड कोरडा कापला की जी पांढरी धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकाघशात अडकते आणि बरीचशी बाहेर पडते. जिव्हारी लागते ती न दिसणारी धूळ. पाच मायक्रॉनहून बारीक असा तो कण, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नव्हे, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो. तिथल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी वण धरतो, फुप्फुस कडक होत जाते. नेहमीच्या मात्रेत ही धूळ जात राहिली, तर आजार दिसायला दहा वर्षे किंवा अधिक लागतात. मात्रा फार असेल, तर पाच वर्षांच्या आतही तो गाठतो.

आता टीबीच्या घोळाविषयी. सिलिकोसिसचे ठिपके एक्स-रेमध्ये बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, आणि टीबीचे डागही पुष्कळदा तिथेच असतात. त्यामुळे एकाला दुसरे समजण्याची चूक वारंवार होते. पण गोष्ट इथेच संपत नाही. जंतूंशी लढणाऱ्या ज्या पेशी सिलिकाने मारल्या, त्याच टीबीच्या जंतूंनाही रोखत असतात. म्हणून सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो आणि त्याला दोन्ही आजार एकदमही असू शकतात. तेव्हा ‘हा टीबी नाहीच’ असे ठरवून औषधे नाकारू नका. केवळ एक्स-रेवर निर्णय न होता बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. त्यासोबत छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि फुंकर मारून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी छातीरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. दीड वर्षातल्या सगळ्या एक्स-रे प्लेट्स एकत्र करून न्या. वण धरलेले फुप्फुस औषधांनी बदलत नाही, आणि जुनी प्लेट नव्या प्लेटशेजारी ठेवली की जाणत्या डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत अकरा प्लेट्स, तीन दवाखान्यांचे कागद आणि टीबीचे दोन पूर्ण झालेले कोर्स. बसल्या जागी ते नीट बोलत होते. तपासणीनंतर वाकून बूट घालताना मात्र वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घ्यावा लागला. त्या सगळ्या कागदांवर ‘दगड कापण्याचे काम’ हे तीन शब्द कुठेही नव्हते. म्हणून सांगतो, पुढच्या वेळी जाताना एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून न्या : कोणते काम, किती वर्षे, कोणता दगड, कटर कोरडा की पाण्याचा, बंद खोलीत की उघड्यावर. तो कागद केसपेपरला जोडायला सांगा.

निदान सिलिकोसिसचे निघाले, तर खरे तेच सांगितले पाहिजे : धरलेला वण नाहीसा करणारे औषध नाही. फुप्फुस ‘साफ करून देतो’ असे सांगणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. धूळ ताबडतोब बंद होणे हा उपचाराचा पहिला भाग. धूळ बंद झाल्यावरही आजार वाढू शकतो. पण धूळ चालू राहिली, तर तो अधिक वेगाने वाढतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, श्वासाचे व्यायाम, टीबीवर सतत लक्ष आणि लागेल तेव्हा ऑक्सिजन, यांनी आयुष्याची प्रत आणि लांबी दोन्ही राखता येते. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकाला मानवातील कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले आहे, त्यामुळे वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त येणे याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

आणि यजमानांना काम सोडा असे सरसकट सांगणे मला जमत नाही, कारण घर त्यावर चालते हे मला कळते. चौदा वर्षांचा कारागीर मापे घेणे, फरशीची मांडणी, लेव्हल पाहणे, हाताखालच्या मुलांना शिकवणे हे सगळे करू शकतो. कटर दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि त्या दुसऱ्यालाही तो कोरडा चालवू द्यायचा नाही, एवढी तडजोड ठेकेदाराशी बोलून व्हायला हवी.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे. माझ्या कामावर तीसएक माणसे असतात. मी चांगले मास्क आणून वाटले, पण दोन तासांनी ते सगळ्यांच्या गळ्यात किंवा खिशात असतात. रागावलो तर उन्हाळ्याचे कारण सांगतात. लोकच ऐकत नसतील, तर मालकाने काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण स्वतःच्या पैशाने मास्क आणलेत, ही आपली कळकळ मला मान्य आहे. पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. मास्क हा शेवटचा उपाय आहे. एप्रिलच्या उन्हात घामाने भिजलेल्या तोंडावर घट्ट मास्क लावून आठ तास घमेली वाहणे मला जमणार नाही आणि आपल्यालाही जमणार नाही. मग ते मजुराला जमावे ही अपेक्षा योग्य नाही. धूळ नाकाशी अडवण्याआधी ती पात्याशी अडवायची असते.

फरशी कापताना पात्यावर पाण्याची बारीक धार सतत पडत राहिली, तर हवेत उडणारी धूळ फार मोठ्या प्रमाणात तिथेच गाळ होऊन बसते. आपल्याकडे हे माहीत नाही असे नाही. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एक पोरगा पात्यावर पाणी सोडत बसलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण ते पाते तापू नये म्हणून, आणि पोरगा दुसऱ्या कामाला गेला की कटर पुन्हा कोरडा चालतो. त्याऐवजी मशीनलाच पाण्याची नळी जोडता येणारा कटर घ्यावा. इथे एक इशारा देणे भाग आहे : साध्या अँगल ग्राइंडरवर पाणी ओतणे म्हणजे विजेच्या धक्क्याला आमंत्रण. पाण्यासाठी बनवलेलेच यंत्र वापरायचे आणि साइटच्या तात्पुरत्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवायचा. जिथे पाणी चालत नाही, उदाहरणार्थ वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारताना, तिथे पात्याभोवतीच्या आवरणाला व्हॅक्यूम जोडलेली यंत्रे मिळतात. लहान ठेकेदाराला ती विकत घेणे जड वाटेल, पण भाड्याने घेता येतात.

यंत्राखेरीज नुसत्या शिस्तीनेही पुष्कळ साधते. शक्य तितके तुकडे मापाने कापून आणवावेत. उरलेली कापाकापी खोलीत न करता खाली उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून एकाच जागी करावी. संध्याकाळी कोरडा झाडू मारणे बंद करावे. दिवसभर खाली बसलेली सगळी बारीक धूळ तो झाडू पुन्हा हवेत उडवतो, आणि झाडणारी बहुधा बिगारी बाई असते, जिला कोणी मास्कही दिलेला नसतो. पाणी शिंपडून मग झाडावे. क्रश सँड चाळतानाही ती किंचित ओलसर असावी.

एक प्रसंग सांगतो. एका राहत्या फ्लॅटमध्ये बाथरूमची जुनी फरशी काढून नवी बसवण्याचे काम चालू होते. हॉलमधल्या सोफ्यावर धूळ येऊ नये म्हणून घरमालकांनी बाथरूमचे दार लावून घ्यायला सांगितले होते, दाराखालच्या फटीत ओले फडकेही कोंबले होते. आत पाच बाय सात फुटांच्या जागेत तो कारागीर तोंडाला पंचा बांधून ग्राइंडर चालवत होता. दार उघडले तेव्हा मला आधी फक्त दिव्याचा पिवळा ठिपका दिसला, मग माणूस दिसला. भुवया आणि पापण्या पिठासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. सोफा वाचवणारे ते घर वाईट माणसांचे नव्हते. त्यांच्या मनात ती गोष्ट आलीच नव्हती. पंचा कितीही घड्यांचा असला, तरी त्यातून सिलिकाचा कण सहज जातो, हेही त्या कारागिराला कोणी सांगितले नव्हते.

एवढे सगळे केल्यावर मास्कची वेळ येते, आणि मग तो प्रत्येकाला दिवसभर लागत नाही. जो कापतो, फोडतो, चाळतो, त्याला तेवढ्या वेळापुरता लागतो. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२ किंवा एन९५ मास्क घ्यावा. दोन्ही पट्टे डोक्यामागे नीट बसले पाहिजेत आणि नाकावरची पट्टी दाबलेली हवी. दाट दाढीवर तो घट्ट बसत नाही. ओला किंवा मळका झाला की बदलायचा. कापणाऱ्या माणसाला तास-दीड तासाने आळीपाळीने बदली द्यावी, सावलीत बसून पाणी पिऊ द्यावे. मग मास्क खिशात जाण्याचे कारण उरत नाही. आणि मुकादमाने स्वतः तो घातला पाहिजे. मुकादम उघड्या तोंडाने उभा राहून ‘मास्क लावा रे’ म्हणत असेल, तर कोण लावणार?

कामावर नवा माणूस घेताना त्याचा छातीचा एक्स-रे आणि ऐकण्याची तपासणी करून ठेवा, पुढे ठरावीक काळाने पुन्हा करा, आणि प्रत्येक कागदाची प्रत त्याच्या हातात द्या. तपासणीत दोष आढळला म्हणून त्याला कामावरून काढून टाकलेत, तर पुढचा माणूस तपासणीला येणार नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे गवंडीकाम करतो. आधी फक्त उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज यायची. आता बारा महिने हात फुटतात, चिरांतून रक्त येते. कामाआधी खोबरेल लावतो, संध्याकाळी रॉकेलने हात धुतो. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने आठ दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. हे कायमचे जाईल का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपल्या हातांना दोन वेगवेगळ्या गोष्टी त्रास देत असाव्यात. ओले सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ असतो, तर निरोगी कातडीचा पाचच्या आसपास. त्यामुळे कातडी हळूहळू भाजत जाते, आणि लगेच आग होत नसल्याने माणूस गिलाव्यात हात तसेच ठेवतो किंवा ओल्या स्लॅबवर गुडघे टेकून काम करत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे सिमेंटमधले क्रोमियम. त्याची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते आणि मग थोड्याशा सिमेंटनेही हात फुटतात. युरोपात २००५ पासून सिमेंटमधले हे विद्राव्य क्रोमियम दहा लाखांत दोन भागांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. आपल्याकडेही असे बंधन असावे, असे मला मनापासून वाटते.

रॉकेल आणि थिनर आजपासून बंद करा. कातडीचे उरलेसुरले तेल ते ओढून घेतात. भरपूर स्वच्छ पाणी आणि सौम्य साबण पुरेसा आहे, आणि तो संध्याकाळी एकदाच वापरून भागणार नाही, जेवणाआधी आणि चहाआधीही वापरावा. ज्या बादलीत थापी बुडवतो, त्याच बादलीत हात धुवू नका. खोबरेल कामानंतर, धुतलेल्या कोरड्या हातांना लावा. कामाआधी तेल लावल्याने सिमेंटपासून संरक्षण होत नाही. नायट्राइल रबरचे मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे वापरा. कापडी किंवा चामडी मोजे ओले होऊन सिमेंट कातडीला धरून ठेवतात, आणि मोज्याच्या आत सिमेंट गेले, तर तो मोजा नसलेला बरा.

मेडिकलमधले ते मलम बहुधा तीव्र स्टेरॉइडचे मिश्रण असावे. त्याने खाज दबते, कातडी मात्र पातळ होत जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी कशाची आहे हे कातडीवर पाहणारी तपासणी, करून घ्या. क्रोमियमची ॲलर्जी निघाली, तर ओल्या सिमेंटपासून दूर राहणे हाच खरा उपाय ठरेल. ओळंबा आणि सुतावर पंचवीस वर्षे बसलेली नजर वाया जात नाही, देखरेखीच्या कामाला तिची गरज असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत. ते काढायला आलेल्या ठेकेदाराने ‘हातोड्याने फोडून गोणीत भरू, एका दिवसात काम होईल’ असे सांगितले. यात काही धोका आहे का?
— एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : मोठा धोका आहे आणि त्यांना तसे करू देऊ नये. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस हे बारीक तंतूंचे खनिज असते. पत्रा शाबूत आणि रंगवलेला असेपर्यंत तंतू सहसा सुटत नाहीत. फोडला, कोरडा कापला किंवा दाबाच्या पाण्याने धुतला की ते हवेत जातात. हे तंतू फुप्फुसात आयुष्यभर राहतात, आणि त्यांच्यामुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. आज गच्चीवर हातोडा मारणारा विशीतला मुलगा तेव्हा नातवंडांचा आजोबा झालेला असेल, आणि त्याला आपल्या गच्चीची आठवणही नसेल.

पत्रे साबणाच्या पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अखंड खाली उतरवावेत. त्यांवर थेट पाय देऊ नये, कारण जुना पत्रा पायाखाली फुटतो. काढलेले पत्रे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, त्यावर ‘ॲस्बेस्टॉस’ असे लिहून, महानगरपालिकेला विचारून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी द्यावेत. राबिटमध्ये टाकू नयेत. कामगारांचे कपडे घरी जाऊ नयेत, कारण त्या कपड्यांतून तंतू धुणाऱ्या बाईच्या छातीत जातात. हे सगळे करायला एका दिवसाऐवजी तीन दिवस लागतील, खर्चही वाढेल. तो सोसायटीने सोसावा.

प्रश्न : मी काँक्रीट फोडण्याचा ब्रेकर चालवतो. कानात सतत शिट्टी वाजते, हिवाळ्यात सकाळी बोटे पांढरी पडतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिट्टी आवाजाने, बोटे कंपनाने. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे, अशी साधी खूण धरावी. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते, पण १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटे, आणि ब्रेकरचा आवाज सहसा शंभरच्या वर असतो. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. म्हणून आजपासून इअरमफ वापरा. हात गरम ठेवा, बिडी-सिगारेट सोडा, कारण तिने बोटांचा रक्तपुरवठा आणखी आखडतो, आणि पांढरी बोटे डॉक्टरांना आत्ताच दाखवा. सुरुवातीला काम बदलले, तर हा त्रास कमी होऊ शकतो.

प्रश्न : मी मजूर नाक्यावरून रोज वेगळ्या कामाला जातो. पुढे असा आजार झालाच, तर कोणत्या कामाने झाला हे मी कसे दाखवणार?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. सिलिकोसिस हा नुकसानभरपाईस पात्र व्यावसायिक आजार आहे, हे कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही होते आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण कागद नसेल, तर हक्क कोणाकडे मागायचा? ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच आदेश दिला होता, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपल्या पाहिजेत. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी प्रमाणपत्र आणि अर्थसाहाय्याचे स्वतंत्र धोरण आणले. नाक्यावरच्या मजुराच्या नोंदी मात्र आज कोणीच ठेवत नाही, म्हणून तूर्त त्या आपल्यालाच ठेवाव्या लागतील.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, ही अट आहे. ठेकेदार दाखला देत नसेल, तर गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेकडून मिळवता येतो. बांधकामाच्या खर्चावर बसवलेल्या एक टक्का उपकरातून या मंडळाचा निधी उभा राहतो, म्हणजे तिथे जाताना आपण कोणाचे उपकार मागत नाही. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करा.

आणि एक वही ठेवा. तारीख, साइटचे ठिकाण, मुकादमाचे नाव, आज काय केले : फरशी कापली, स्लॅब फोडला, झिऱ्या मारल्या. कामाला सुरुवात करताना साइटवरच्या फलकाचा फोन‌वर एक फोटो काढा. त्यावर विकासकाचे आणि कामाचे नाव असते. मजुरी ऑनलाइन मिळत असेल, तर ते संदेश पुसू नका. फोन बदलला की फोटो घरातल्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा, आणि वही एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा.